एकशे बारावी सही

अध्यक्षांनी बालवर्गातली निळी खुर्ची पायानं पुढे ओढली, तिच्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि दोन्ही हात मांड्यांवर टेकून अंदाज घेत घेत बसले. गुडघे हनुवटीला लागायचेच काय ते राहिले. ते शाळेच्या बसचे ड्रायव्हर. कर्मचारी संघटनेचं अध्यक्षपद गळ्यात पडल्यापासून बसमधली मुलंसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणायला लागली होती. त्यांच्या शेजारी चित्रकलेचे सर बसले आणि सरांच्या पलीकडे ती. वाटाघाटींची ही तिसरी बैठक, आणि तिन्ही बैठका बालवर्गाच्या खोलीतच ठेवल्या होत्या. सभागृह मोकळं नाही, असं संस्थेचं म्हणणं. सचिवांसाठी मात्र कार्यालयातून गादीची खुर्ची आणलेली असे. त्यामुळे ते वरून बोलत आणि हे तिघं माना उंचावून ऐकत.

“आज मानेचाही विमा मागून टाकू,” सर हळूच म्हणाले.

ती हसली, पण ओठांपुरतीच. एकोणीस वर्षं ती या शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. द्रावणं तयार करायची, काचेच्या नळ्या धुवायच्या, मुलांनी सांडलेलं पुसायचं, आणि विज्ञानाचे शिक्षक फळ्यावर चुकले तर आपण पाठमोरं होऊन नळ सोडायचा, हे तिचं काम. सगळी शाळा तिला ताई म्हणायची. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायची तिला सवय नव्हती, म्हणून तिला या समितीत घेतलं होतं.

मधल्या सुट्टीचा गोंगाट नको म्हणून सचिवांनी खिडकी लावून घेतली आणि मागच्या वेळचेच कागद पुन्हा वाचायला सुरुवात केली. येत्या वर्षापासून आरोग्य विमा फक्त कर्मचाऱ्याचा. नवरा, बायको, मुलं, आईवडील सगळे बाहेर. कंत्राटी माणसं तर आधीपासूनच बाहेर होती. घरच्यांना आत ठेवायचं असेल तर हप्ता ज्याचा त्यानं भरावा, आणि तो हप्ता असा की शिपायाचा निम्मा पगार त्यातच जावा. संघटनेची मागणी साधी होती. कंत्राटी धरून सगळ्यांना घ्या, घरच्यांना घ्या, आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरा आणि निम्मा हप्ता संस्थेनं उचला. त्यासाठी दोन महिने लोक मधल्या सुट्टीत फाटकापाशी गप्प उभे राहत होते. आज फिसकटलं तर पुढच्या आठवड्यापासून काम बंद करायचं ठरलं होतं.

“आजार आधी आणि विमा नंतर, असं कुठे असतं का?” सचिव म्हणाले. “तुमची निम्मी माणसं आजारी आहेत. कोण कोण ते मला सांगा. नावं द्या, मग बोलू.”

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. नावं तिच्यापाशी होती. महिन्याभरापूर्वी तिनं एकेकाकडून घरातल्या आजारपणांची माहिती लिहून घेतली होती आणि ते सगळे कागद प्रयोगशाळेत ॲसिडच्या कपाटात कुलपात ठेवले होते. त्या कपाटाच्या वाटेला शाळेत कुणी जात नसे.

ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याचं कारण त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. अकरा दिवसांपूर्वी तिला नेमणुकीचं पत्र आलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीच्या गावी पाणी तपासणीची प्रयोगशाळा होती. तिथे ती नमुने स्वतः तपासणार होती आणि अहवालाखाली तिचं नाव जाणार होतं. पगार बरा होता. विमा मात्र नव्हता. नवऱ्याला संधिवात, बोटं आखडून बसू नयेत म्हणून दर महिन्याला एक इंजेक्शन लागायचं आणि ते महागडं इंजेक्शन आजवर शाळेच्या विम्यातून सुटत आलं होतं. त्या इंजेक्शनापायी तिनं याआधी दोन चांगल्या नोकऱ्यांवर पाणी सोडलं होतं. आता शाळाच विमा काढून घेणार म्हटल्यावर इथे अडकून राहायला काही उरत नव्हतं. ही चर्चा मोडली की ती सुटली. हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली होती. नंतर तो रोज येऊ लागला आणि लाज रोज थोडी कमी वाटू लागली.

दार ढकलून मावशी चहा घेऊन आल्या. बालवर्गाच्या मावशी, कंत्राटी, दरवर्षी जूनच्या सुरुवातीला ज्यांना नवा कागद मिळायचा त्या. ट्रे त्यांनी डाव्या हातावर तोलला होता आणि उजवा हात अंगाशी घट्ट धरला होता. टेबलाच्या कडेला ट्रे टेकवून त्यांनी तो कमरेनं पुढे सरकवला. कप ज्याचे त्यानं उचलले. कपाटातल्या एका कागदावर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: काखेत गाठ, आठ महिने, डॉक्टरांना दाखवलेली नाही. लिहिताना तिनं विचारलं होतं, का दाखवली नाही. ‘विम्यात घेतल्याशिवाय नाही दाखवायची,’ मावशी म्हणाल्या होत्या. ‘आधी दाखवली तर म्हणतील, जुनी गाठ आहे.’

मावशी रिकामा ट्रे घेऊन गेल्या. दार लागलं.

“नावं मिळणार नाहीत,” ती म्हणाली. “आकडे सांगते, लिहून घ्या. कंत्राटी धरून एकशे बारा कर्मचारी. घरची माणसं मिळून तीनशे सत्त्याण्णव. त्यांत आधीपासून आजारी एकसष्ट. त्यांतले बावन्न जण नुसत्या गोळ्यांवर आहेत, तीन वर्षांत दवाखान्याची पायरी चढलेले नाहीत. राहिले नऊ. नऊ माणसांसाठी तुम्ही तीनशे सत्त्याण्णवांना बाहेर ठेवताय. विमा कंपनीला हे आकडे दाखवा आणि मग काय म्हणतात ते आम्हाला सांगा.”

ती इतकं सलग बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारे हेडक्लार्क लिहायचे थांबले. सचिवांनी आकडे पुन्हा सांगायला लावले, कागदावर टिपले आणि फोन करायला बाहेर गेले.

ते वीस मिनिटांनी परतले. कंपनी तयार होती. आधीपासूनचे आजार धरू, कंत्राटी लोकांनाही घेऊ. संस्था निम्मा हप्ता उचलायला राजी होती. अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला, तो चेहऱ्यावर दिसला. मग सचिव म्हणाले की एक अट आहे. आम्ही पैसे भरायचे आणि तुम्ही फायदा उपटून दुसरीकडे जायचं, हे जमणार नाही. पाच वर्षं नोकरी सोडणार नाही असं प्रत्येकानं लिहून द्यायचं.

“एकशे बारा सह्या,” ते म्हणाले. “शुक्रवारी दुपारपर्यंत. एक जरी कमी पडली तरी आज बोललो ते सगळं रद्द.”

“सोडून जातंय कोण साहेब?” अध्यक्ष म्हणाले. “आम्हाला इथून उचलूनच न्यावं लागेल.”

सचिव कागद एकावर एक नीट लावत होते. “तुमचं काय म्हणणं, ताई?” त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी तिला कधी ताई म्हटलं नव्हतं.

सर तिच्याकडे पाहून डोळ्यांनीच ‘हो म्हणा’ म्हणत होते. खिडकी बंद असल्यामुळे खोलीत खडूचा आणि ओल्या बुटांचा वास कोंडला होता.

“चालेल,” ती म्हणाली.

सह्या घ्यायचं काम तिच्याकडेच आलं. ते आणखी कुणाकडे जाण्यासारखं नव्हतं. गुरुवारी सकाळपासून तास नसेल तेव्हा ती यादी पुठ्ठ्याला लावून हिंडत राहिली. मुदपाकखान्यात स्वयंपाकीणबाईंनी हात पुसून सही केली आणि ओला अंगठा कागदाला लागला म्हणून तीनदा माफी मागितली. गॅरेजमध्ये अध्यक्षांनी बसच्या बॉनेटवर यादी ठेवून आधी स्वतःचं नाव शोधलं, मग मागे सरून क्लीनरला पुढे केलं, तू आधी कर, मी शेवटी करतो, पुढाऱ्यानं मागे राहावं. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर पाच वर्षांचे एकूण दिवस मोजून मोकळे झाले. खेळाचे सर म्हणाले, जन्मठेप झाली म्हणायची. त्यावर सगळे मनापासून हसले, कारण जन्मठेप आपल्याला हवीच होती असं त्या हसण्यात होतं. कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं राहिलं होतं, कुणाच्या मुलाला दम्याचा पंप लागत होता, कुणाची बायको सातव्या महिन्यात होती. सही करताना प्रत्येक जण तिला हे सांगत होता, जसं काही तिनं लिहून घेतलेलंच नव्हतं.

मावशींनी पेन डाव्या हातात धरलं. उजव्यानं होत नाही म्हणाल्या. वेळ लागला. अक्षरं एकमेकांवर पडली.

“दरसाल सांगायचे, पुढच्या साली ठेवू की नाही नक्की नाही,” त्या म्हणाल्या. “आता म्हणतायत पाच वर्षं जाऊ नका. माझा भाव वाढला की गं.”

ती हसली. यादी पुढे घेऊन जाताना ती दर वेळी एका ओळीवर अंगठा ठेवत होती. ती ओळ तिची होती.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, बैठकीचं काय झालं. चालू आहे, इतकंच ती म्हणाली. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. बोटं वाकेनाशी झाली तसा सहा वर्षांपूर्वी घरी बसला. माणूस मजेदार. लिफ्टमध्ये अडकलेल्यांच्या गोष्टी तो अजून रंगवून सांगायचा. अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबून बघतो, मग दारावर थापा मारतो, मग आरशात बघून केस नीट करतो. केस नीट करायला लागला की समजावं, आता हा शांत झाला. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्याचाच आग्रह होता की तिनं जावं. इंजेक्शन एक महिना आड घेऊ, बोटं काय मला पेटी वाजवायचीय, असं तो म्हणाला होता. तिच्या बहिणीला फोन करून घर तळमजल्यावर मिळेल का, तेही त्यानं विचारून ठेवलं होतं. अटीचं तिनं त्याला सांगितलं नाही. तो नक्की म्हणाला असता, नको करूस सही. ते ऐकलं असतं तर कदाचित तिनं केलीही नसती, आणि मग एकशे अकरा माणसांना ती काय सांगणार होती? मला कुठेतरी जायचं होतं?

शुक्रवारी साडेअकराला एकशे दहा सह्या झाल्या होत्या. राहिली होती हेडक्लार्कची आणि तिची.

हेडक्लार्क कार्यालयात एकटेच होते. त्यांनी चष्मा पुसला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि आपल्या नावापुढे टपोरी सही केली. मग परत द्यायच्या ऐवजी त्यांनी यादीवर हात ठेवला.

“ताई, या सोमवारी एक पत्र आलं होतं,” ते म्हणाले. “पाण्याच्या प्रयोगशाळेकडून. तुमची नोकरी किती वर्षं, वागणूक कशी, विचारलं होतं. टपाल आधी साहेब बघतात.”

तिनं दार लोटून घेतलं.

“दोन दिवसांनी बैठक झाली. ही अट त्याआधी कुठेच नव्हती. मी संस्थेची आणि कंपनीची सगळी पत्रं फाईल करतो, त्यांत असं कुठेही लिहिलेलं नाही.” त्यांनी दाराकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. “साहेबांना एकशे बारा सह्या नकोच आहेत. त्यांना एकशे अकरा हव्यात. तुमच्याच समितीतली बाई सही करत नाही म्हटल्यावर पुढे काय झालं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.”

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. जिना पायांनी दणदणला. तिचा चेहरा तसाच होता. एकोणीस वर्षं उकळत्या भांड्यापाशी उभं राहून तिनं चेहरा तसा ठेवायला शिकून घेतलं होतं. अध्यक्षांना जाऊन सांगावं, असं तिच्या मनात आलं. ते आत्ताच्या आत्ता सचिवांच्या खोलीत शिरले असते, आवाज चढला असता, आणि बोललेलं सगळं मोडायला सचिवांना तेवढंच निमित्त पुरलं असतं. तिकडूनही वाट त्याच दाराशी येत होती.

“त्या पत्राचं उत्तर दिलंत?” तिनं विचारलं.

“थांबायला सांगितलंय. आजच्या दिवस.”

“पेन द्या जरा.”

हेडक्लार्क पेन देईनात. “विचार करा,” ते म्हणाले. “मी कुणाला सांगणार नाही.”

“माझ्याही घरी आजारी माणूस आहे,” ती म्हणाली. “त्या नवांतलाच एक. पेन द्या.”

सही करायला तिला फार वेळ लागला नाही. सचिवांच्या खोलीत ती एकटीच गेली. त्यांनी पहिली दोन पानं न बघताच उलटली, शेवटच्या पानावर बोट खाली खाली नेलं आणि ते बोट एका जागी थोडं थांबलं. मग त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून एकेक नाव बघायला घेतलं. ती उभीच होती. बसा, असं ते म्हणाले नाहीत, आणि ती त्यांच्या टेबलापलीकडे उभी असल्यामुळे आज त्यांनाच मान वर करावी लागली.

“सगळ्या आहेत,” ते म्हणाले.

“पोच द्या,” ती म्हणाली.

दुपारी फाटकापाशी लोक जमले होते, पण आज गप्प नव्हते. अध्यक्षांनी भाषण करायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याच वाक्याला ते अडले, मग चित्रकलेच्या सरांनी ते भाषण पुरं केलं. गणिताच्या सरांनी तिचा हात हातात घेऊन इतका हलवला की बांगड्या वाजल्या. तुमच्या आकड्यांनी झालं हे, सगळे म्हणत होते. तिला बरं वाटत होतं. ते खोटं नव्हतं. मावशी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आल्या, काही न बोलता तिच्या पाठीवरून डावा हात फिरवला आणि मग कानाशी येऊन म्हणाल्या, विमा लागू झाल्या दिवशीच दाखवायला जाईन, तू चलशील का बरोबर. ती म्हणाली, येईन. कुठे जातेय मी.

घरी ती नेहमीच्याच वेळेला पोचली. वाटेत तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. नवरा खिडकीशी बसला होता, दोन्ही हात कोमट पाण्याच्या तसराळ्यात बुडवून. चपला काढता काढताच तिनं सांगून टाकलं, पाठ त्याच्याकडे होती तेवढ्यात.

“त्या पाणीवाल्यांचं आज कळलं. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं.”

तसराळ्यातलं पाणी हललं आणि स्थिर झालं.

“त्यांचंच नुकसान,” तो म्हणाला.

“वयाचं काहीतरी काढलं म्हणे. जाऊ दे. विम्याचं मात्र झालं. निम्मा हप्ता संस्था भरणार. तुमचं इंजेक्शन पहिल्या दिवसापासून.”

“झालं ना? बरं झालं.” त्यानं हात पाण्यातून काढले, पंच्यावर ठेवले. “खरंच बरं झालं. मलाही इतक्या वर्षांचं घर सोडायचं जिवावर आलं होतं. तुझ्या बहिणीला काय, मी कळवतो.”

तिनं वळून पाहिलं. तो एकेक बोट पुसत होता, लक्ष देऊन, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. निदान याच्या जिवाला घोर लागला नाही, असं वाटून ती आत गेली. मटार सोलायचे होते. सालं पडायला म्हणून तिनं फळीवरचा पेपर ओढला आणि ओट्यावर पसरला.

पेपरच्या समासात पेननं काहीतरी लिहिलं होतं. त्यानं लिहिलं होतं. गेल्या वर्षभरात सहीपलीकडे त्यानं काही लिहिलेलं तिनं पाहिलं नव्हतं. अक्षरं मोठाली, तुटक, काही ठिकाणी पेन निसटून रेघ बातमीपर्यंत गेलेली. इतक्या चार ओळींना त्याला अर्धा तास तरी लागला असणार. पाणी प्रयोगशाळा. तिथल्या साहेबांचा फोन, दुपारी अडीच. जागा सोमवारपर्यंत राखून ठेवतो म्हणाले. तिला लगेच कळवायला सांगा. खाली फोनचा आकडा होता, आणि ‘लगेच’ या शब्दाखाली दोन रेघा.

तिनं ते एकदा वाचलं. मग हात ओट्यावर टेकून ती तशीच उभी राहिली.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “अगं,” त्यानं हाक मारली, आणि थोडं थांबून, सहज विचारल्यासारखं विचारलं, “आजचा पेपर घेतलास का तू आत?”

तिनं पेपर उलटा केला, त्याची घडी चेपून नीट केली आणि मटारची पहिली शेंग त्यावर फोडली.

“नाही,” ती म्हणाली. “कालचा घेतलाय.”

“बरं,” तो म्हणाला.